अनशापोटी

काल संध्याकाळी सहानंतर काही नाही.
पाणी चालेल, हिल्का सिस्टरनं बजावलं होतं,
कॉफी नाही.
आमच्या कारेलियात कॉफी नाही म्हणजे
दिवस उजाडलाच नाही असं धरतात.
तसाही जानेवारीत तो साडेनऊपर्यंत उजाडत नाही.

अंधारातच गोठ्यात गेले.
सहा गाईंच्या धारा काढल्या.
मनगटावर उडालेला फेस
सवयीनं तोंडाशी नेला,
आणि हात मध्येच थांबवला.
देवासाठीसुद्धा इतकं कडक
मी कधी काही पाळलेलं नाही.

वडील गेले तेव्हा शेहेचाळीसचे होते.
कुऱ्हाड ओंडक्यात रुतलेली,
हातमोजे तिच्या दांड्यावर,
डब्यात काळ्या पावाचा उरलेला तुकडा
आणि त्यावर बोटभर जाड लोणी.
लोण्यात दातांचे ठसे स्पष्ट होते.
आई म्हणाली, उपाशी तरी नाही गेला.
मग ओइवा, माझा भाऊ, एकेचाळीस, होडीत.
मग पलीकडच्या सानेल्माचा नवरा, सौनाच्या पायरीवर.
आमच्याकडे बायका म्हाताऱ्या होतात,
पुरुष फोटो होतात.
थंडी पडते तसं हे पडायचं,
दोष द्यायला कुणी नसायचं.

यंदा मीही शेहेचाळीस.

शाळेच्या व्यायामाच्या खोलीत
लहान मुलांच्या बाकांवर आम्ही अकरा जण,
गुडघे हनुवटीपर्यंत आलेले.
पोटं गुरगुरत होती
आणि प्रत्येकजण खिडकीबाहेर बघत होता,
बाहेर काही दिसत नसताना.
लाकूडतोड्या टोल्वानेन, अस्वलाएवढा माणूस,
सुई बघून पांढरा पडला.
कुणी हसलं नाही.

हिल्कानं माझ्या दंडाला रबरी नळी आवळली.
'मूठ मिटा.'
हीच मूठ वयाच्या सातव्या वर्षापासून
साय काढायच्या यंत्राचा दांडा फिरवते.
त्या दांड्यात एक घंटी असते.
वेग कमी असला की वाजत राहते,
पुरेसा झाला की गप्प होते.
ती गप्प झाल्यावरच
वरच्या तोटीतून साय उतरते,
पिवळट, जड,
दुधाशी आता काही नातं नसल्यासारखी.

कोपऱ्यातल्या टेबलावर तिचंही एक यंत्र गरगरत होतं.
थांबल्यावर तिनं एक नळी उजेडात धरली:
तळाशी काळसर तांबडं,
वर पातळ मधासारखं काहीतरी.
'खाऊन आला असतात तर हे दुधाळ दिसलं असतं.'
'मग माझं स्वच्छ आहे?'
'दिसतंय स्वच्छ,' ती म्हणाली,
'पण मोजायचंय ते डोळ्यांना दिसत नाही.
कागद योएन्सूहून येईल.'
कापसाचा बोळा कोपरात दाबून
मी त्या यंत्राकडे बघत राहिले.
ओळखीचं होतं ते.
फक्त याला घंटी नव्हती.

बारा दिवसांनी कागद आला.
एक आकडा, आणि खाली हिल्काचं तिरकं अक्षर:
घाबरू नका. या. येताना मुलालाही आणा.

राइमो, सतरा वर्षांचा.
खांदे माझ्या वडिलांचे,
भूक ओइवाची.

आज बुधवार, सहा वाजून गेलेत.
दोनदा तो फळीपाशी घुटमळून परतला.
तिसऱ्यांदा म्हणाला,
बोटाच्या पेराएवढ्यानं काय होतंय?
मी लोण्याच्या मडक्यावर झाकण ठेवलं,
झाकणावर
वडिलांचा कुऱ्हाडीला धार लावायचा दगड,
आणि पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.
माझ्याकडे न बघता
त्यानं तो रागारागानं,
शेवटच्या घोटापर्यंत संपवला.